हातांचे ठसे

खंडाळा म्हटले, की परगावच्या माणसाच्या डोळ्यांसमोर लोणावळ्याशेजारचा घाट, धुके आणि धबधबे उभे राहतात. आपले खंडाळे ते नव्हे. पाहुण्यांना पत्ता सांगताना आपल्याला दर वेळी खुलासा करावा लागतो, की बाबांनो, आमचे हे पारगाव-खंडाळे. पुण्याहून येताना नीरा ओलांडावी, शिरवळ मागे टाकावे आणि खंबाटकीचा घाट लागण्याच्या आधी उतरावे. येथे धबधबे नाहीत. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण-खटावकडे पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात. आपला तालुका ह्या दोहोंच्या मध्ये असला, तरी त्याचा ओढा कोरड्या बाजूकडेच अधिक.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की वर्धापनदिनाच्या ह्या स्मरणिकेसाठी मला जोधपूरच्या प्रवासाविषयी लिहावयास सांगितले होते. त्या वाळवंटातील शहरात आम्ही काही जणी संग्रहालये पाहून आलो. परंतु लिहावयास बसले, तेव्हा ध्यानात आले, की तेथे पाहिलेल्या वस्तूंनी मला आपल्याच मुलखाविषयी प्रश्न विचारावयास लावले. म्हणून हा लेख जोधपूरला सुरू होतो, पण संपतो आपल्या अंगणात.

जोधपूरचा मेहरानगड किल्ला राव जोधा ह्यांनी १४५९ साली बांधावयास घेतला. काळ्या-तांबड्या खडकाचा उभा कडा आणि त्यावर उभ्या भिंती. खडक कोठे संपतो आणि तटबंदी कोठे सुरू होते, हे खालून कळत नाही. आता आत मोठे संग्रहालय आहे. हत्तीवरच्या अंबाऱ्या, पालख्या, मेणे, तलवारी, चित्रे अशा वस्तूंनी दालनांमागून दालने भरलेली आहेत. झाँकी महाल नावाच्या भागात दगडी जाळ्या आहेत. राजघराण्यातील स्त्रियांनी खालच्या चौकातील सोहळे ह्या जाळ्यांआडून पाहावयाचे, अशी रीत होती. आज त्या दालनात राजघराण्यातील पाळणे मांडून ठेवले आहेत. आमच्यातील एक वयस्क बाई बराच वेळ त्या पाळण्यांपुढे उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "पाळणा केवढा मोठा, पण झोका देणारी कोण होती, ते लिहिलेले नाही."

किल्ल्याच्या लोहापोळ नावाच्या दरवाजाशी मात्र स्त्रियांच्या हातांची खूण आहे. भिंतीत लहान लहान तळव्यांचे ठसे उठवलेले आहेत. १८४३ साली महाराजा मानसिंग वारले, तेव्हा त्यांच्या मागे सती गेलेल्या स्त्रियांचे हे ठसे म्हणून दाखवतात. त्यांच्यावर शेंदूर चढवलेला असतो, फुले वाहिलेली असतात. येणारे-जाणारे हात जोडतात. मला हात जोडवले नाहीत. त्या तळव्यांपैकी काही तर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचे असावेत, इतके लहान वाटले. एवढा मोठा किल्ला, शिल्लक राहिलेल्या एवढ्या वस्तू. आणि ह्या बायकांचा उरला तो केवळ मरणाचा पुरावा. कोणता हात कोणाचा, हेही तेथे वाचावयास मिळत नाही.

आपण हे परमुलखातले म्हणून सोडून देऊ नये. साताऱ्याजवळच्या संगम माहुलीस कृष्णा-वेण्णेच्या काठी आपण दर्शनाला जातो. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज निवर्तले, तेव्हा त्यांच्या राणी सकवारबाई सती गेल्या, हे आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासातील पान आहे. त्या मागचे दरबारी राजकारण इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. पण ती बाई त्या दिवशी काय बोलली असेल, हे विचारणारे फारसे कोणी भेटत नाही.

जोधपुरात दुसरा भव्य वाडा आहे तो उमेदभवन. १९२९ साली त्याचे काम निघाले आणि १९४३ साली पुरे झाले. मारवाडात दुष्काळ पडलेला. लोकांच्या हाताला काम हवे, म्हणून महाराजा उमेदसिंग ह्यांनी हा प्रासाद बांधावयास काढला, असे सांगतात. त्याच्या एका भागात संग्रहालय आहे. तेथील उंची घड्याळे, चिनी मातीची भांडी पाहताना माझ्या मनात १९७२ चा दुष्काळ आला. पण ते पुढे सांगते.

ज्या जागेने मला खरे हलवले, ती शहराबाहेर मोकलावास गावाजवळ आहे. नाव अरणा-झरणा. राजस्थानातील लोकगीते आणि लोककथा जमवण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या कोमल कोठारी ह्यांच्या कल्पनेतून हे वाळवंटाचे संग्रहालय उभे राहिले. विजयदान देथा ह्या लेखकाबरोबर त्यांनी १९६० साली बोरुंदा गावी रूपायन संस्थान ही संस्था काढली होती. कोमल कोठारी २००४ साली वारले. त्यांचे म्हणणे असे, की मुलूख समजून घ्यावयाचा तर राजांच्या यादीपासून सुरुवात करू नये. लोक काय खातात ते पाहावे. बाजरीचा मुलूख, ज्वारीचा मुलूख, मक्याचा मुलूख असे भाग पाडावेत, म्हणजे त्या त्या भागातील घरे, भांडी, गाणी, देव सारे आपोआप उलगडत जाते. आपल्याकडे भाकरी कशाची, ह्यावरून सून कोणत्या गावची हे ओळखणाऱ्या बायकांना ह्यात नवल वाटू नये.

आणि ह्या संग्रहालयात पहिल्या प्रथम काय जमवले असेल? झाडू! निरनिराळ्या गवतांचे, पात्यांचे, काड्यांचे झाडू. घरातला वेगळा, अंगणातला वेगळा, खळ्यावरचा वेगळा. कोणता कशाचा, कोण वळतो, तो उभा ठेवावा की आडवा, त्याला पाय का लावू नये, ह्या सगळ्याची माहिती. प्रथम आम्हाला हसू आले. एवढे भाडे खर्चून केरसुण्या पाहावयास आलो म्हणून एकमेकींची थट्टा झाली. पण पाहता पाहता सगळ्या गप्प झाल्या. मेहरानगडाच्या पाळण्यापुढे त्या बाईंनी जे विचारले होते, त्याचे उत्तर येथे होते. येथे वस्तू साधी होती, आणि तिच्यामागचा हात कोणाचा, हे मात्र सांगितलेले होते.

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. तिला आपण लक्ष्मीच म्हणतो. शिंदीच्या पात्यांची ती केरसुणी वळणारी मातंग समाजातील बाई दिवाळीच्या बाजारात आपल्याला दिसते. पैसे देताना आपण घासाघीस करतो. तिचे नाव आपल्यापैकी किती जणींनी विचारले असेल? मी विचारले नव्हते, हे प्रांजळपणे सांगते.

जोधपूरहून परतल्यावर मंडळात ह्या प्रवासाची हकीकत झाली, आणि एका भगिनीने विचारले, "वाळवंटात जाऊन संग्रहालये पाहिलीत, आपल्या औंधाचे पाहिले आहे का?" बैठकीला तीसएक जणी होत्या. चार हात वर झाले. मग औंधाची सहल ठरली.

साताऱ्याहून रहिमतपूरच्या बाजूने औंधाला जाताना हिरवा ऊसपट्टा हळूहळू मागे पडतो आणि डोंगर उघडे होत जातात. गावाच्या डोंगरावर मूळपीठ यमाई. असुराला मारण्यासाठी देवीला "ये माई" अशी हाक घातली गेली, म्हणून ती यमाई, अशी कथा लोक सांगतात. त्याच डोंगराच्या निम्म्या वाटेवर श्री भवानी संग्रहालय आहे. औंधाचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी ते १९३८ साली उभे केले. ७२ गावांचे हे संस्थान, तेही सलग नव्हे. विखुरलेले, बहुतेक कोरडवाहू. म्हैसूर-बडोद्यासारखा पैसा येथे नव्हता. तरीही ह्या माणसाने जे केले, ते पाहून मन थक्क होते.

बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते. त्यांचे चित्ररामायण १९१६ साली प्रसिद्ध झाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तिच्यामागे त्यांची लाखाची देणगी होती. अजिंठ्याच्या लेण्यांवर त्यांनी पुस्तक लिहिले, ते १९३२ साली निघाले. सूर्यनमस्काराचा त्यांनी ध्यासच घेतला होता. शाळांतून नमस्कार सुरू केले आणि राजवाड्यातील स्त्रियांनाही त्यातून सूट नव्हती. पंडित सातवळेकर त्यांच्या आश्रयाने औंधास राहिले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली ह्याच संस्थानच्या माळावर कारखान्याला जागा मिळाली आणि किर्लोस्करवाडी वसली. तेथूनच पुढे १९३० साली 'स्त्री' मासिक निघू लागले. आपल्या आज्यांपैकी ज्यांना वाचता येत होते, त्यांना ह्या मासिकाची ओळख निराळी करून द्यावयास नको. १९३९ साली तर ह्या राजाने गांधीजींच्या सल्ल्याने राज्याचा कारभार प्रजेच्या हाती देणारी घटना जाहीर केली. आटपाडीजवळ कैद्यांची मुक्त वसाहत, स्वतंत्रपूर, ह्याच संस्थानात सुरू झाली. पुढे १९५७ साली आलेल्या 'दो आँखें बारह हाथ' चित्रपटाला तिच्यापासून स्फूर्ती मिळाली. १९४८ साली संस्थान विलीन झाले. १९५१ साली बाळासाहेब वारले. संग्रहालय राहिले.

आत गेल्यावर राजा रविवर्म्याची 'सैरंध्री' पाहावयास मिळते. कीचकाकडे मद्य घेऊन जाण्याची आज्ञा झालेली द्रौपदी. राणीची दासी होऊन राहिलेली ती पांडवांची महाराणी तोंड फिरवून उभी आहे, आणि नाही म्हणण्याची सोय तिला नाही. चित्र सुंदर आहेच. पण आमच्यापैकी अनेकींनी त्या चित्रातील भाव अगदी ओळखीचा असल्यासारखा पाहिला. परक्या घरी कामाला जावे लागलेल्या बाईला तो समजावून सांगावा लागत नाही. शिवाय धुरंधर, बाबुराव पेंटर ह्यांची चित्रे आहेत, जुनी लघुचित्रे आहेत, युरोपातील नामांकित चित्रांच्या नकला आहेत. ज्या प्रजेला विलायत दिसण्याची शक्यता नाही, तिला विलायतेतील कला येथे, यमाईच्या वाटेवर, पाहावयास मिळावी, अशी योजना त्यामागे दिसते. देवीला नवस फेडावयास आलेली बाई जाता जाता चित्रे पाहून जाईल, असा विचार करून त्यांनी ही जागा निवडली की काय न कळे. पण घडले तसेच.

येथेच हेन्री मूर ह्या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे 'माता आणि मूल' हे शिल्प आहे. परदेशात ज्याची शिल्पे पाहण्यासाठी लोक मुद्दाम प्रवास करतात, त्याचे काम आपल्या खटाव तालुक्यात आहे! शिल्प लहानसे. नाक-डोळे नीट कोरलेले नाहीत. मग हे काय शिल्प, असे एकीने विचारलेही. तेव्हा दुसरी म्हणाली, "पोर मांडीवर घेतलेल्या बाईचे नाक-डोळे कोण बघतो? तिचा आकारच तसा होतो." ह्यापेक्षा चांगले रसग्रहण मी तरी कोठे वाचलेले नाही.

औंधाची गोष्ट अशी ठेवा टिकल्याची आहे. साताऱ्याची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि तीही आपल्याला माहीत हवी.

इतिहाससंशोधक रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस ह्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र त्यांनी १८९४ साली लिहिले. सत्तावनच्या बंडाला चाळीस वर्षेही झाली नव्हती, राज्य इंग्रजांचे. अशा काळात राणीची माहिती मिळवून लिहिणे सोपे नव्हते. शेजारच्या वाई तालुक्यातील मेणवलीच्या वाड्यातून नाना फडणविसांचे दफ्तर त्यांनी मिळवले. ह्या वाड्याचा कृष्णाकाठचा घाट आणि वसईच्या मोहिमेतून आणलेली ती मोठी घंटा आपण सर्वांनी पाहिली आहे. नाना १८०० साली वारले. त्यांच्या पश्चात त्यांची अल्पवयीन पत्नी जिऊबाई हिने मोठे हाल सोसले, आणि पुढे ती ह्याच मेणवलीत राहिली. नानांच्या मुत्सद्देगिरीवर ग्रंथ आहेत. घर धरून बसलेल्या ह्या बाईवर मात्र एखादा परिच्छेद असतो.

पारसनीसांनी आयुष्यभर जमवलेली कागदपत्रे, चित्रे, नकाशे ह्यांचे ऐतिहासिक संग्रहालय १९२५ साली साताऱ्यात उभे राहिले. लगेच पुढच्याच वर्षी ते वारले. १९३९ साली हा सारा संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजात गेला. तेथे तो सुरक्षित राहिला, अभ्यासकांना उपयोगी पडला, हे चांगलेच झाले. परंतु साताऱ्याच्या मुलीला मेणवलीचा कागद पाहावयाचा, तर पुण्याची गाडी धरावी लागते, हेही खरे.

काही वस्तू पुण्यापेक्षाही लांब गेल्या. सातारच्या दरबारी १८१८ पासून चार वर्षे रेसिडेंट असलेला ग्रँट डफ मराठ्यांचा इतिहास लिहून गेला, आणि जाताना त्याच्याबरोबर वाघनखेही गेली. त्याच्या वंशजाकडून ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आली. जुलै २०२४ मध्ये ती तीन वर्षांच्या बोलीने महाराष्ट्रात आली आणि पहिल्याने साताऱ्याच्या श्री छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. शिवछत्रपतींनी अफझलखानाच्या भेटीत वापरली ती हीच, असा दावा खुद्द लंडनचे संग्रहालयही खात्रीने करीत नाही. तरी माणसांच्या रांगा लागल्या. आमच्याही मंडळातील भगिनी गेल्या. रांगेत उभी असताना मला एकच वाटले: आपल्या घरची वस्तू आपल्याला उसनी आणून पाहावी लागते, आणि परत करण्याची तारीख आधी ठरलेली असते!

वस्तू परमुलखात जाते, ती केवळ साहेब नेतो म्हणून नव्हे. घरातही ती आपण सांभाळीत नाही, म्हणून जाते. ह्या बाबतीत साहेबाला नावे ठेवण्याआधी मला माझीच एक कहाणी सांगितली पाहिजे.

आमच्या घरी तांब्याचा मोठा हंडा होता. माझ्या आजेसासूबाईंना लग्नात माहेरहून मिळालेला. भांड्यावर नाव घालण्याची आपली जुनी चाल. त्या हंड्याच्या काठावरही ठिपक्यांनी अक्षरे कोरलेली होती. स्टीलची भांडी घरोघर आली, तेव्हा मी तो हंडा मोडीत दिला आणि त्यावर चकचकीत पातेल्यांचा संच घेतला. त्या वेळी मोठा शहाणपणा केला असे वाटले. गेल्या वर्षी नातीने शाळेसाठी घराण्याची वंशावळ काढावयास घेतली. पुरुषांची नावे सात पिढ्यांपर्यंत भराभर मिळाली. आजेसासूबाईंच्या नावापाशी अडले. सासरचे नाव सर्वांना ठाऊक होते. माहेरचे नाव, जे घेऊन ती जन्मली आणि वाढली, ते कोणालाच सांगता येईना. सातबाऱ्यावर ती नव्हती. शाळेत ती गेली नव्हती. ते नाव तिच्या माहेरच्या गावासह एकाच ठिकाणी लिहिलेले होते, आणि ते मी वजनावर विकले होते.

नात काही बोलली नाही. तिने त्या चौकटीत प्रश्नचिन्ह काढले. ते प्रश्नचिन्ह मला लोहापोळच्या ठशांइतकेच बोचते.

आता नव्या नियमाप्रमाणे, १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव घालणे महाराष्ट्रात सक्तीचे झाले आहे. ही मोठीच गोष्ट झाली. परंतु त्याआधीच्या आयांचे काय? त्यांची नावे आपणच शोधावयास हवीत.

आणि ह्या कामाला आपल्या तालुक्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. कारण आपल्या खंडाळा तालुक्यातले नायगाव हे सावित्रीबाई फुले ह्यांचे माहेर. ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी त्या जन्मल्या. नऊ वर्षांच्या असताना जोतीरावांशी लग्न होऊन त्या पुण्यास गेल्या. १८४८ साली भिडेवाड्यातील मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. पुढे १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला त्यांनी देह ठेवला. हे आपण शाळेत शिकतो. नायगावचे त्यांचे घर आता स्मारक म्हणून जतन केले आहे, आणि दर ३ जानेवारीला तेथे दूरदूरच्या स्त्रिया येतात.

पण त्या घराच्या ओसरीवर बसले, म्हणजे मला आठवतात ती त्यांची पत्रे. जोतीरावांना लिहिलेल्या त्यांच्या तीन पत्रांपैकी दोन ह्याच नायगावहून लिहिलेली आहेत. पत्त्यात 'पेटा खंडाळा' असे आपल्या गावाचे नाव आहे. १८५६ सालच्या पत्राच्या वेळी त्या आजारातून उठून माहेरी विसाव्याला आल्या होत्या. तुम्ही नवराबायको महार-मांगांसाठी काम करता, हे कुळाला बट्टा लावणारे आहे, असे भाऊ म्हणाला. बहिणीने त्याला नीट उत्तर दिले, तो ओशाळला. आणि ऐकणाऱ्या आईला गहिवरून आले. १८६८ सालच्या पत्रात त्याहून कठीण प्रसंग आहे. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी ह्यांना गावकरी मारावयास निघाले होते. सावित्रीबाई मध्ये पडल्या, कायद्याचा धाक घातला, आणि त्या दोघांचे प्राण वाचले.

हे सर्व आपल्याला आज कळते, ते कशामुळे? त्या बाईला लिहिता येत होते, म्हणून. आणि तिने लिहिलेले कोणी तरी जपून ठेवले, म्हणून. ह्या दोहोंपैकी एक जरी नसते, तरी नायगावच्या त्या दिवशी एका बाईने दोन जिवांना कसे वाचवले, ह्याचा मागमूस उरला नसता. अशा किती गोष्टी उरल्या नसतील, ह्याचा हिशेब कोण करणार?

बहात्तरच्या दुष्काळाचेच पाहा. मघा उमेदभवनाच्या निमित्ताने त्याची आठवण काढली होती. मारवाडच्या दुष्काळातून राजवाडा उभा राहिला. आपल्याकडे दुष्काळी कामांतून रस्ते झाले, पाझर तलाव झाले, नालाबंडिंग झाले. खडी फोडावयास आपल्याच आया-सासवा उन्हात बसत. पोटाला सुकडी, अंगाखाली तापलेला दगड, शेजारी झोळीत मूल. रोजगार हमीचा जो कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला, त्याचा पाया ह्या बायकांच्या हातांनी घातला. देशात तशा हमीचा कायदा व्हावयास २००५ साल उजाडले. त्या रस्त्यांवरून आपण आज मोटारीने जातो. एकाही मैलाच्या दगडावर त्यांची नावे नाहीत. तो घण, ती पाटी, ती मस्टरवर उठवलेली अंगठ्याची खूण, ह्यांपैकी एखादी तरी वस्तू कोणाच्या घरी शिल्लक आहे का?

पुण्याच्या दिनकर केळकरांनी हे फार आधी ओळखले होते. लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा ह्या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय केले आणि १९६२ साली ते सरकारच्या स्वाधीन केले. त्यात अडकित्ते आहेत, दिवे आहेत, वज्र्या आहेत, स्वयंपाकघरातील भांडी आहेत. ह्या वस्तू मिळवण्यासाठी ते गावोगाव हिंडले, आणि पत्नी कमलाबाई त्यांच्या बरोबरीने खपल्या. तसेच हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून फिरून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. गाणारणीच्या नावासह, गावासह. जाते थांबले, पण गळा राहिला.

मग आपल्याला काय करता येईल? आपल्याजवळ राजाचा खजिना नाही, केळकरांचे आयुष्यभराचे श्रम नाहीत. पण एक कपाट आहे आणि एक वही आहे. माझी सूचना अशी, की ह्या वर्धापनदिनापासून मंडळाने एक संग्रह सुरू करावा. वस्तू मौल्यवान नकोच. काठवट, रवी, शिंके, पोहरा, रोवळी, दुरडी, जुन्या लुगड्यांची वाकळ, आणि सर्वांत आधी चुंबळ! होय, डोक्यावर हंडा ठेवण्यासाठी चिंध्यांची वळलेली चुंबळ. कोरड्या मुलखातील बाईच्या आयुष्याचे एवढे खरे प्रमाणपत्र दुसरे नसेल. घरोघर नळ आल्यावर ती कोणी जपून ठेवली नाही, कारण ती जपण्यासारखी वस्तू आहे, असेच कोणाला वाटले नाही.

वस्तूपेक्षा वही महत्त्वाची. तिच्यात प्रत्येक वस्तूपुढे पाच गोष्टी लिहाव्यात: वस्तूचे नाव, ती कोणाची, माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही नावांनी, कोणत्या गावची, कोणत्या कामाची, आणि देणारी कोण. केरसुणी आणली, तर वळणारीचे नाव विचारून लिहावे. वस्तू देणे जिवावर येत असेल, तिने नुसती माहिती लिहून दिली तरी चालेल. हंड्यांवरची नावे तर आजच घरी जाऊन उतरवून घ्यावीत. लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या नातीला हाताशी धरावे. त्यात दोघींचाही फायदा आहे.

वहीचे पहिले पान मी मागून घेतले आहे. वस्तू: तांब्याचा हंडा, हल्ली नाही. कोणाची: आजेसासूबाईंची. माहेरचे नाव: जागा मोकळी ठेवली आहे. त्यांच्या माहेरचे कोणी फलटणच्या बाजूला असावेत, असे दिरांचे म्हणणे. लोणंदच्या बाजारी, पालखीच्या मुक्कामी, लग्नाकार्यात मी विचारते आहे. ही स्मरणिका कोणाच्या हाती पडून शोध लागला, तर ती रिकामी ओळ भरावयास मी त्याच दिवशी मंडळात येईन.